बाबा ते रांजणगाव शेअर रिक्षा: सहा वर्षं रोज बसल्यावर

ज्यांनी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या रांजणगावला खोली घेतली आहे पण काम छत्रपती संभाजीनगर शहरात आहे, अशा बायांसाठी हे लिहिते आहे. आमच्या गल्लीत दर महिन्याला दोन-तीन नवी बिऱ्हाडं येतात. कुणी गेवराईकडून, कुणी परतूरहून, कुणी थेट बिहारमधून. भांडी लावून झाली की पहिली चौकशी पाण्याची असते आणि दुसरी ही: सिटीत जायचं कसं? दर वेळी मी दारात उभी राहून सगळं सांगते. आता एकदा नीट लिहूनच ठेवते.

मी नर्स आहे, एएनएम. समर्थनगरच्या बाजूला एका खासगी दवाखान्यात कामाला आहे. ड्युटी कधी सकाळी आठ ते दोन, कधी दोन ते आठ, आणि महिन्यातून सहा-सात नाइट. मालक, म्हणजे माझे यजमान, वाळूजच्या एका व्हेंडर कंपनीत काँट्रॅक्टवर आहेत, म्हणून घर रांजणगावला. दोघांपैकी एकानं रोज प्रवास करायचा होता, तो माझ्या वाट्याला आला. सहा वर्षांत सुट्ट्या, आजारपण आणि लॉकडाउनचे महिने सोडले तर रोज दोन वेळा मी या लाइनच्या रिक्षात बसले आहे. त्यामुळे चांगलं काय आणि वाईट काय, दोन्ही मला अंगानं माहीत आहे.

आधी व्यवहाराचं सांगते. शहरातून येताना रिक्षा मिळते बाबाला. चौकाचं नाव महावीर चौक, पण तिथं उभं राहून 'महावीर चौक' म्हणालात तर समोरचा एक क्षण थांबतो. बाबा पेट्रोलपंप हेच नाव सगळ्यांच्या तोंडात आहे. २०२३ मध्ये शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. रिक्षावाले मात्र आधीही शहराचं नाव घेत नव्हते आणि आताही घेत नाहीत. ते 'बाबा बाबा', 'स्टेशन', 'सिडको', 'वाळूज वाळूज, एक सीट' असंच ओरडतात. पुलाजवळ नगर रोडच्या तोंडाला ज्या रिक्षा तोंड करून उभ्या असतात, त्या आपल्या. बसायच्या आधी 'रांजणगाव फाटा?' असं स्पष्ट विचारा, कारण काही रिक्षा पंढरपूरलाच रिकाम्या होतात आणि काही ओॲसिस चौकातून बजाजनगरमध्ये आत वळतात. मी फाट्यापर्यंत तीस रुपये देते. पंढरपूरला उतरणारे कमी देतात. रात्री नऊनंतर दहा रुपये जास्त मागतात, पावसात काही जण मागतात, काही मागत नाहीत. सुटे पैसे हातात ठेवा. फोनवरून पैसे आता बहुतेक जण घेतात, पण गोलवाडीच्या पुलाजवळ नेट अडकलं की मागचे दोघे ताटकळतात आणि त्यांची बस किंवा शिफ्ट चुकते. सकाळी कुणाची पाच मिनिटं खाणं फार वाईट.

रस्ता असा: बाबा, छावणी, नगर नाका, गोलवाडी, एएस क्लब, पंढरपूर, ओॲसिस, मग आपला फाटा. हे पंढरपूर म्हणजे वाळूजचं छोटं पंढरपूर. रस्ता मोकळा असेल तर पंचवीस मिनिटं, शिफ्ट सुटायच्या वेळी पाऊण तास धरून चाला.

आता सीटचं. हे मी नर्स म्हणून सांगते, जरा लक्ष देऊन वाचा. रिक्षाला परवाना तीन प्रवाशांचा असतो. शेअरमध्ये मागे तीन आणि ड्रायव्हरशेजारी एक, असे चार धरूनच रिक्षा सुटते. शिफ्टच्या वेळी पाचवाही बसतो, ड्रायव्हरच्या दुसऱ्या बाजूनं. पुढची सीट ही सीट नव्हेच. ड्रायव्हरच्या गादीची चार बोटं कड असते, त्यावर अर्धं अंग, डावा पाय बाहेर, उजव्या हातानं मागची दांडी धरायची. पहिल्या सहा महिन्यांत मला कुणी सांगणारं नव्हतं, मी जागा मिळेल तिथं बसायची. एकदा गोलवाडीला पुढचा टेम्पो एकदम थांबला, आमच्या रिक्षानं ब्रेक मारला आणि माझा गुडघा समोरच्या लोखंडी पट्टीवर आपटला. हाड वाचलं, पण पंधरा दिवस जिना चढताना जीव जायचा. त्याच पावसाळ्यात आमच्या दवाखान्यात एक मुलगी आली होती. पुढच्या सीटवर बसलेली, पाय बाहेर, शेजारून दुचाकी घासून गेली आणि पायाची दोन बोटं फुटली. एक्स-रे काढताना ती मला विचारत होती, 'सिस्टर, सोमवारी कंपनीत जाता येईल ना?' वय असेल वीस. तिची चप्पल मी पिशवीत भरून दिली. तेव्हापासून मी पुढं बसत नाही, रिक्षा सोडावी लागली तरी बसत नाही.

मागच्या तीन जागांतही फरक आहे. मधली जागा सगळ्यात सुरक्षित, पण तिथं दोन्ही बाजूंनी माणसं दाबतात. डाव्या कडेला वारा मिळतो आणि पहिलं उतरता येतं, पण ओढणी किंवा पदर बाहेर राहिला तर चाकाकडं जातो. पदर कमरेला खोचून, मांडीखाली दाबून बसा. गरोदर बाईनं मधे बसावं आणि खड्डा आला की दोन्ही तळवे सीटवर टेकून अंग किंचित उचलावं, म्हणजे हिसका कण्याला बसत नाही. सातवा महिना लागल्यावर या रिक्षानं येऊच नका. माझ्या धाकट्याच्या वेळी मी आठव्यापर्यंत आले, पगार कापला जाईल म्हणून. मी केलं ते तुम्ही करू नका.

रिक्षावाले चौथ्या सीटसाठी का थांबतात, याचा राग मलाही यायचा. उन्हात रिक्षा उभी, आत आपण तिघं घामानं भिजलेले, आणि हा बाहेर ओरडतोय, 'चला एक सीट, लगेच निघायलो!' एका दिवाळीत गर्दी कमी होती, तेव्हा एका मामांना मी सरळ विचारलं. ते शिरूर कासारकडचे. घरची कोरडवाहू जमीन, दोन मुलं, आणि एकेकाळी ऊसतोडीला जाणारे. त्यांनी चालवता चालवता हिशेब मांडला. रिक्षा त्यांची नाही, दिवसाला साडेतीनशे रुपये भाडं. गॅसचे सव्वाचारशेच्या आसपास. दिवसातून सात फेऱ्या जाऊन-येऊन. एका बाजूनं चार सीट भरल्या तर एकशे वीस, परतताना दोनच सीट मिळतात, साठ. सात वेळा एकशे ऐंशी म्हणजे बाराशे साठ. त्यातून भाडं आणि गॅस गेला की हातात पावणेपाचशे-पाचशे. 'आता चौथी सीट काढा,' मामा म्हणाले. 'दोनशे दहा रुपये गेले. काय घेऊन जाऊ घरी?'

त्या दिवशी मी घरी येऊन कागदावर ते परत मांडून पाहिलं. बरोबर होतं. माझा गुडघा आपटला ती सीट म्हणजे त्यांच्या दिवसाच्या कमाईतला जवळजवळ अर्धा वाटा. मी अजूनही म्हणते की चौथी सीट नसावी. पण ती काढायची तर ते दोनशे दहा रुपये कुठून तरी भरून निघाले पाहिजेत. नुसता दंड लावून निघत नाहीत. दंड लागला की तो माणूस रात्री एक फेरी जास्त मारतो, आणि झोपेत चालवलेली रिक्षा चार सीटच्या रिक्षापेक्षा वाईट.

ही लाइन इतकी भरते कशानं, हेही सांगायला हवं, नाहीतर बाहेरच्याला वाटेल लोक हौसेनं कोंबून बसतात. १९९१ च्या जनगणनेत शहर पावणेसहा लाखांचं होतं. २०११ ला पावणेबारा लाखांचं झालं. वीस वर्षांत दुप्पट. आणि यात आपण नाही! बजाजनगर वडगाव कोल्हाटीच्या ग्रामपंचायतीत, रांजणगाव वेगळी ग्रामपंचायत, जोगेश्वरी वेगळी. मी लग्न होऊन आले तेव्हा चार-चार मजली इमारती, एटीएम, दवाखाने सगळं होतं, आणि दाखल्यासाठी मात्र ग्रामपंचायतीत जायचं. कंपन्यांच्या बस धावतात, पण त्या पर्मनंट कामगारांसाठी. फर्स्ट शिफ्टला पहाटे त्या पांढऱ्या बस ओळीनं जाताना दिसतात, खिडकीला डोकं टेकून झोपलेली माणसं. काँट्रॅक्टवाल्याला त्यात चढता येत नाही. शेजारच्या मशीनवर काम करणारे दोघं, एक बसनं घरी जातो आणि दुसरा आमच्यासोबत मधल्या सीटवर.

माझं माहेर गोदाकाठचं. म्हणजे होतं. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हातून झाली आणि १९७६ च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधींनी त्याचं लोकार्पण केलं, हे आमच्या घरात पाठ आहे. कारण त्या दोन तारखांच्या मधे आमचं गाव गेलं. आई नवी नवरी होऊन आली तेव्हा जुन्या गावातून सामान हलवणं चालू होतं. नव्या घरात पहिलं काम तिनं केलं ते बैलगाडीतून जातं उतरवायचं. आजोबांनी जुन्या घराची सागवानी चौकट काढून आणली होती, ती अजून गावठाणातल्या घराला आहे. घर पत्र्याचं आणि चौकट वाड्याची. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात आला १९७६ लाच, तोवर आमचं गाव पाण्याखाली जाऊन मोकळं झालेलं. दुष्काळी वर्षी धरणाचा जलाशय, नाथसागर, आटला की जुन्या देवळाचा चौथरा वर येतो. मग गावातली म्हातारी माणसं चिखल तुडवत तिथं जाऊन नारळ फोडतात.

जमीन मिळाली ती कमी आणि खडकाळ. वडलांच्या पिढीनं ती कसली. आमच्या पिढीला पुरली नाही. प्रकल्पग्रस्तांना सरकारी नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे, पण घरातून एकालाच दाखला. तो थोरल्या भावाच्या नावावर झाला. तो अजून भरती निघाली की प्लास्टिकच्या फोल्डरमधून ते कागद काढतो. मी एएनएम केलं आणि शहराकडं आले. रिक्षात बोलताना कळतं की निम्मी रिक्षा अशीच आहे. कुणाचं गाव धरणानं उठवलेलं, कुणाचं विहीर आटल्यानं, कुणी १९७२ च्या दुष्काळात आलेल्याची नात, कुणी २०१२ नंतरच्या दुष्काळात आलेला. चालवणाराही तसाच. म्हणून एक गोष्ट या लाइनवर आहे जी मला दुसरीकडं दिसली नाही: कुणालाही पत्ता विचारायला लाज वाटत नाही. नवा माणूस चढला की 'कुठं जायलात? कंपनीचं नाव काय?' असं ड्रायव्हर स्वतः विचारतो आणि कोणत्या गेटला उतरायचं ते सांगतो. एकदा हिंगोलीकडचं एक पोरगं आईचा फोन घेऊन चढलं होतं, त्यात ठेकेदाराचा नंबर आणि फोन बंद पडलेला. ड्रायव्हरनं त्याला ठेकेदाराच्या गाळ्यापर्यंत सोडलं. त्यासाठी आम्ही सगळे दहा मिनिटं उशिरा पोचलो, कुणीही कुरकुर केली नाही.

आता रात्रीचं. माझी दुपारपाळी आठला सुटते, पण रिलीव्हर आल्याशिवाय निघता येत नाही, त्यामुळे बाबाला पोचेपर्यंत पावणेनऊ होतात. साडेनऊपर्यंत रिक्षा सहज मिळते. दहाच्या पुढं भरवसा नाही. मग सेकंड शिफ्ट सुटेपर्यंत मधे एक मोठी पोकळी आहे, आणि शिफ्ट सुटल्यावर रिक्षा मिळतात त्या उलट दिशेच्या, वाळूजहून शहराकडं. दहा वाजून गेले तर एकटीनं उभं राहू नका. मी काय करते ते सांगते. आमच्या दवाखान्यातल्या दोघी आणि शेजारच्या लॅबमधली एक, अशा आम्ही नगर रोडच्या बाजूला राहणाऱ्या चौघींनी एक रिक्षा बांधून घेतली आहे. दुपारपाळीच्या आठवड्यात तो दादा पावणेनऊला येऊन थांबतो. मागे आम्ही तिघी, चौथी असेल त्या दिवशी पुढं तिची बॅग आणि मागे चौघी दाटीनं. चौथ्या सीटचे पैसे चौघींत वाटून देतो, ती रिकामी असली तरी देतो. महागात पडतं, पण बाकीच्या दिवसांची चिंता जाते.

बायांच्या सुरक्षिततेबद्दल मला खरं तेच लिहायचं आहे. अंगाला अंग लागतंच, जागाच तेवढी. पण मुद्दाम लावलेलं कळतं. सहा वर्षांत माझ्यासोबत तीन वेळा झालं. पहिल्या वेळी मी गप्प बसले आणि नगर नाक्याला उतरून पुढची रिक्षा धरली, दोन्हीकडं पैसे भरले. दुसऱ्या वेळी मी मोठ्यानं बोलले. ड्रायव्हरनं रिक्षा बाजूला घेतली, मागं वळून फक्त म्हणाला, 'भाऊ, तुम्ही पुढं या. नाहीतर इथंच उतरा.' तो माणूस छावणीच्या अंधारात उतरला. तिसऱ्या वेळीही बोलले. तर बोला. आवाज मोठा करा. या लाइनवरचे बहुतेक ड्रायव्हर तुमच्या बाजूनं उभे राहतात, कारण रोजची बाई त्या लाइनची गिऱ्हाईक आहे आणि त्यांच्याही घरच्या बाया कुठल्या तरी रिक्षात बसून कामाला जातात. बहुतेक म्हणाले, सगळे नव्हे. ज्याच्या तोंडाला वास येतो त्याच्या रिक्षात पाय ठेवू नका, कितीही उशीर होवो.

बसचं विचारतात. २०१९ पासून शहरात स्मार्ट सिटीच्या बस आहेत, त्या वाळूजच्या बाजूलाही येतात. उभं राहायला दांडी, बसायला पूर्ण सीट, तिकिटाचा कागद हातात. गरोदर, म्हातारं माणूस, लहान लेकरू सोबत असेल तर मी डोळे झाकून बस सांगते, थांबावं लागलं तरी. माझी ड्युटी आठला धरायची असते आणि हजेरीला पाच मिनिटांचीही सूट नाही, म्हणून सकाळी मी जी पहिली मिळेल ती रिक्षा पकडते. रिक्षाला वेळापत्रक नाही हीच तिची ताकद आहे. सकाळी साडेसहा ते आठ तुम्ही फाट्यावर या, दोन मिनिटांत रिक्षा तुमच्यासमोर असते.

गावाकडून येणाऱ्यांसाठी एक हिशेब. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, पण ती सवलत एसटीची, शहरातल्या फिरण्याची नाही. मी माहेराहून मध्यवर्ती बसस्थानकाला येते ते पन्नास-पंचावन्न किलोमीटर अर्ध्या तिकिटात. तिथून बाबा, बाबाहून रांजणगाव, हे जेमतेम बारा-तेरा किलोमीटर, त्याला जवळपास तेवढेच पैसे लागतात. शहरात पाय ठेवल्यावर प्रवास महाग होतो. महिन्याचं गणित बसवताना हे धरा. माझे रोजचे साठ म्हणजे सव्वीस दिवसांचे पंधराशे साठ रुपये. माझ्या पगारातून खोलीच्या भाड्यानंतरचा सगळ्यात मोठा खर्च हाच आहे, किराणा आम्ही मालकांच्या पगारातून भरतो.

पावसाळ्यात दोन्ही बाजूंना रेक्झिनचा पडदा सोडतात. बहुतेकांचा फाटलेला असतो. कडेला बसणाऱ्यानं एक प्लास्टिकची पिशवी मांडीवर पसरायला ठेवावी. मी युनिफॉर्म आणि सुका टॉवेल वेगळ्या पिशवीत घेऊन जाते आणि तिथंच कपडे बदलते. आषाढी एकादशीला छोट्या पंढरपूरला लाखांनी माणूस येतो, रस्ता वळवतात, रिक्षा एएस क्लबच्या पुढं येत नाही. त्या दिवशी मी दिंड्यांच्या सोबतीनं चालत जाते. पायात बूट, खांद्याला डबा, शेजारी डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. ड्युटीवर उशीर होतो, पण त्या एका सकाळी मला त्याचं काही वाटत नाही.

२०२५ च्या पावसाळ्यात शहरातल्या मोठ्या रस्त्यांच्या कडेची बांधकामं काढली, मुकुंदवाडी, पैठण रोड, एकामागून एक. रस्ते रुंद झाले, हे खरं. त्यात एका टपरीवाल्या काकूंचं दुकानही गेलं. त्यांच्या टपरीपाशी आम्ही रिक्षाची वाट बघायचो. पाऊस असला तर आत घ्यायच्या, सुटे द्यायच्या, उशीर झाला तर 'थांब ग, तुझा रिक्षावाला गॅसच्या लाइनीत आहे' असा निरोप सांगायच्या. आता तिथं मुरूम टाकलेला आहे आणि उभं राहायला सावली नाही. काकू कुठं गेल्या, ते आम्हा चौघींतल्या कुणालाच कळलं नाही. या लाइनला कुणी काही देणार असेल तर माझं मागणं मोठं नाही: दोन्ही टोकांना एक पत्र्याची शेड, एक दिवा, आणि रांगेची खूण. रिक्षा कुठं थांबते हे ठरलेलं असलं की चौथ्या सीटसाठी रस्त्याच्या मधोमध आडवी लागत नाही आणि बाईला अंधारात धावत जाऊन जागा पकडावी लागत नाही.

गुण द्यायचेच तर वेळेला पाचपैकी पाच, पैशाला साडेतीन, अंगाला दीड. माणसांना साडेचार.

आईबद्दल लिहून थांबते. ती सत्तरीची आहे, गुडघे गेलेले, आणि गेल्या वर्षापासून तिला महिन्यातून दोनदा घाटीत, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यावं लागतं. आदल्या दिवशी माझ्याकडं येते. पैठण रोडनं येताना बसमधून तिला जायकवाडीहून शहराला येणाऱ्या नव्या पाइपलाइनचे पाइप दिसतात. अडीच मीटर व्यासाचे, त्यातून बैलगाडी जाईल एवढे. प्रत्येक वेळी ती मला तेच सांगते, 'आपल्याकडचंच पाणी ग ते.' सकाळी आम्ही फाट्यावरून बाबा आणि बाबाहून मिल कॉर्नर, भडकल गेटवरून घाटी असं जातो. तिला रिक्षाची पायरी चढवत नाही. पहिल्या वेळी मी मागून उचललं, पुढून एका कामगारानं हात धरला, आणि ती लाजेनं रडवेली झाली. आमची रात्रीची रिक्षा चालवणारा दादाच त्या दिवशी होता. तो काही बोलला नाही. पुढच्या खेपेला त्यानं सीटखालून एक फळी काढली. पॅकिंगच्या खोक्याची, वीतभर उंच, खाली दोन ठोकळे ठोकलेले, वर पोत्याचा तुकडा चिकटवलेला, पाय घसरू नये म्हणून. ती जमिनीवर ठेवली आणि म्हणाला, 'मावशी, आता या आरामात.' आई आपल्या पायानं चढली, मधल्या जागेवर बसली आणि पदराच्या गाठीतून स्वतः तीस रुपये काढून दिले.

फळी अजून त्याच्या सीटखाली असते. आता बाकीचेही मागून घेतात; परवा एका पायाला प्लास्टर असलेल्या मुलासाठी ती दुसऱ्या रिक्षाकडं गेलेली मी पाहिली. दादाच्या रिक्षाच्या मागच्या काचेवर पिवळ्या अक्षरांत 'नाथकृपा' लिहिलेलं आहे. सकाळी सात-सव्वासातच्या दरम्यान फाट्यावर असते. घरातलं वयस्कर माणूस न्यायचं असेल तर तीच बघा आणि फळी मागा, तो स्वतः खाली उतरून ठेवून देतो.